नरक्याचा गुण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. हे आधीच लिहून टाकतो, कारण तिच्यासमोर ते कधी बोलता आलं नाही. बोललो असतो तर "उपकार? मेल्या, मी काय परकी हाय?" म्हणत तिने पाठीत धपाटा घातला असता.

आमचं घर बदलापूरजवळच्या सोनिवलीचं. भाताची थोडी जमीन आणि भात झाल्यावर वाल, काकडी, असं काहीबाही. दहावीच्या पुढे घरात कोणी गेलं नव्हतं. मी पास झालो तेव्हा वडिलांच्या मनात मला अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यात चिकटवायचं होतं. ओळखीचा मुकादम होता, त्याच्याशी बोलणंही झालं होतं. त्याच आठवड्यात आत्या उल्हासनगरहून पेढे घेऊन आली. पेढे वाटून झाल्यावर तिने पदर खोचला आणि वडिलांशी भांडायला सुरुवात केली. ती त्यांची थोरली बहीण, तिला तो हक्क होता.

"याला शिकू दे. खायला मी घालीन. तुझ्याकडे मागायला आले तर बोल."

"शिकून काय करील?" वडील म्हणाले.

"ते मना काय म्हाईत? शिकल्यावर तोच सांगंल."

वडिलांनी मुकादमाला निरोप धाडला, पोरगा येत नाही म्हणून. जून महिन्यात मी माझी पत्र्याची ट्रंक घेऊन आत्याकडे राहायला गेलो.

तिचं घर उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात. जुन्या लष्करी बरॅकीत आडव्या भिंती घालून खोल्या केल्या होत्या, त्यातली एक. भिंतीपलीकडे सिंधी कुटुंब, समोर आमच्यासारखी मराठी घरं. आत्याच्या यजमानांना आमच्यात मामाच म्हणतात. ते कारखान्यात पाळीवर जायचे. आत्या घरात मशीनवर परकर शिवायची. कापलेल्या कापडाचे गठ्ठे एक सिंधी दुकानदार आणून टाकायचा आणि शिवलेला माल घेऊन जायचा. तो आत्याला 'अदी' म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने चौकशी केली.

"अदी, ये कौन?"

"भाचा हाय. सायन्सला गेलाय."

"अच्छा. डॉक्टर बनेगा?"

"नाय. बीएस्सी करील."

"बीएस्सी." त्याने मनापासून विचार केला. "बीएस्सी में बेचते क्या हैं?"

त्यानंतर मी दारात दिसलो की तो विचारायचा, "हां साईं, दुकान कब खोलता है?" त्यात टोमणा नव्हता. माणूस शिकतो तो काहीतरी विकण्यासाठीच, एवढी त्याची सरळ समजूत होती.

कॉलेजात प्रॅक्टिकलला पांढरा ॲप्रन लागायचा. आत्याने तो दुकानदाराच्या उरलेल्या पॉपलीनचा शिवला. परकरांची सवय असल्यामुळे खालचा घेर इतका मोठा झाला की मुलं मला 'नवरी' म्हणू लागली. मी घरी येऊन सांगितलं तर तिने घेर उसवला नाही. "वाढत्या अंगाचा हाय," म्हणाली. मला सतरावं लागलं होतं. ॲप्रनला सडक्या अंड्याचा वास यायचा. तो नाकापासून लांब धरून ती विचारायची, "तुमच्या कॉलेजात शिजवतात तरी काय रं?" मी तिला गॅसचं नाव सांगायचो. ती ते पुढच्या खोलीतल्या बाईला भलत्याच उच्चारात सांगायची आणि दोघी हसायच्या. तिच्या मशीनच्या टकटकीत माझा अभ्यास चांगला व्हायचा. मशीन थांबलं की माझं लक्ष उडायचं, आणि तिलाही ते कळायचं. मग हातात काही काम नसलं तरी ती पॅडल हलवत बसायची.

बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा अख्ख्या बरॅकीला पेढे मिळाले. दुकानदाराने मला शर्टाचं कापड दिलं आणि म्हणाला, "अब तो बता, क्या बेचेगा?"

मला अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मोठ्या कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर एक लहानशी कंपनी होती. झाडपाल्याचे अर्क काढायचं काम. सुरुवातीला हिरडा, अडुळसा, सोनामुखी असला ओळखीचा माल यायचा. पुढे नव्वदीच्या दशकात एक वेगळं लाकूड यायला लागलं. फिकट रंगाच्या चिपा, पोत्यात भरलेल्या. पोत्यावर खडूने लिहिलेलं असायचं : नरक्या.

हे झाड आपल्या सह्याद्रीतलं. घाटमाथ्याच्या जंगलात वाढतं, फार मोठं होत नाही. फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव. त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. शरीरातल्या एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा हे रसायन तिला मध्येच अडवतं. कॅन्सरच्या पेशी थांबायचं विसरून दुपटीने वाढत सुटलेल्या असतात, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांचं लक्ष या रसायनाकडे गेलं होतं. आम्ही चिपा दळायचो, भुकटी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे अर्क ओढून घेणाऱ्या द्रवात, भिजवायचो, अर्क आटवायचो आणि जो कच्चा माल निघायचा तो परदेशात जायचा. तिकडे त्याच्यावर पुढचे सोपस्कार व्हायचे.

माझं काम होतं तपासणीचं. अर्काचा बारीक थेंब काचेच्या पट्टीवरच्या पांढऱ्या थरावर ठेवायचा, पट्टी उभी करून द्रव वर चढू द्यायचा, मग ती काळ्या खोक्यात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायची. खोक्याच्या फटीतून पाहिलं की अंधारात निळा ठिपका पेटलेला दिसायचा. साध्या उजेडात तिथे काहीच नसायचं. इतकी वर्षं झाली तरी त्या निळ्या रंगाला काय म्हणावं मला ठरवता आलेलं नाही. तो ठिपका पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मला वाटलं, आपण शिकलो ते बरं झालं.

लोकल पकडायला बरं म्हणून बदलापूरला बेलवलीत मी तोवर भाड्याने खोली घेतली होती. रविवारी आत्याकडे जेवायला जायचो. एका रविवारी मी तिला या झाडाबद्दल सांगितलं.

"नाव काय म्हणालास?"

"नरक्या."

"काय मेलं नाव तरी. देवाचं नाव नाय मिळालं ठेवायला?"

"फुलांना घाण वास येतो, म्हणून."

"तसं नसंल," ती मासळी परतत म्हणाली. "नरकातनं वर काढतो म्हणून नरक्या. लोक उगाच नाव ठेवत नाय."

"असेलही. त्यात कॅन्सरवर गुण आहे, आत्ये."

मामा रेडिओचा आवाज कमी करून म्हणाले, "खरं?" मी म्हणालो, खरं. ते खरंच होतं. आत्याने माझ्या ताटात बोंबलाची आणखी एक तुकडी टाकली.

आता मला वाटतं, तो सगळा घोटाळा 'गुण' या एका शब्दाचा होता. झाडात गुण आहे, हे मी म्हणालो. आमच्या बोलण्यात औषधात गुण असणं आणि औषधाचा गुण येणं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. सर्दीला आलं-तुळस आहे, जखमेला हळद आहे, गुण आहे म्हणजे गुण येतो. ज्या भाषेत मी केमिस्ट्री शिकलो तिथे या दोहोंमध्ये कित्येक वर्षांचं काम असतं, आणि ते पुष्कळदा फुकट जातं. त्या मधल्या वाटेला आमच्या घरात शब्दच नव्हता.

काही आठवड्यांनी मी गेलो तर आत्या मशीनवरून न उठताच बोलली.

"तुमच्या कंपनीत त्या झाडाची साल-बील पडलेली असंल ना?"

"असते. का?"

"बाजूवालीच्या नणंदेला पायजे. थोडीशी आण. पुडीभर."

"आत्ये, ते तसं नाही घेत."

"मग कसं घेतात? उकळून?"

"कसंच नाही घेत. त्याचं अजून औषध व्हायचंय."

"तूच बोललास ना, गुण हाय?"

"गुण आहे. पण..."

"गुण हाय म्हंजे हाय. मग यायला काय मुहूर्त लागतो?" तिने दोरा दाताने तोडला. "नको आणूस. तुमच्या साहेबाला विचारावं लागत असंल. र्‍हाऊ दे."

ती रागावली नव्हती. हिरमुसल्यासारखी वाटली, आणि बाजूवालीच्या नणंदेसाठी आत्या इतकी हिरमुसेल हे मला पटलं नाही. तरी मी तो विषय सोडून दिला.

आत्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, लग्न होऊन बेलवलीलाच राहत होती. माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याच आठवड्यात ती संध्याकाळी माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली आणि चप्पल न काढता म्हणाली, "आईला गाठ आहे."

मी कुठे म्हणून विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिचा हात पदराशी गेला तेवढ्यावरून कळलं.

बसल्यावर तिने नीट सांगितलं. आत्याला ते बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं. कॅम्पातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून परळच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली होती. आत्याने ती रव्याच्या डब्याखाली सारून ठेवली होती. ओळखीची एक बाई ऑपरेशननंतर गेली होती, तेव्हापासून तिच्या मनात बसलं होतं की कापलं की पसरतं.

"मी रडले, भांडले," ताई म्हणाली. "तर म्हणते, भाच्याकडे झाड आहे. तो साहेबाला विचारून आणील, थांब जरा. तुझ्या झाडाची वाट बघत बसलीय रे ती."

ज्या बाईने मला शिकवलं, ती माझ्याच शिक्षणाच्या भरवशावर परळला जायचं टाळत होती. गाठ काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या लॅबच्या साहेबांना विचारलं. ते बदलापूरचेच, गाव भागातले, शांत गृहस्थ.

"सर, कोणी नरक्याची साल उकळून प्यायलं तर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण पितंय?"

"घरातलं माणूस. अजून नाही प्यायलेलं."

मग ते म्हणाले, "माझं ऐकून घरी सांगशील तर ती साहेबांची मतं होतील. स्वतः करून बघ."

मी मूठभर भुकटी पाण्यात टाकून, बायका काढा करतात तशी उकळली, अर्धी आटवली, गाळली. तेवढीच भुकटी नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये काढली. दोन्हींचे थेंब एकाच पट्टीवर शेजारी शेजारी ठेवले. खोक्यात पाहिलं तर सॉल्व्हंटचा ठिपका नेहमीसारखा निळा पेटला होता. काढ्याच्या जागी डोळे ताणून पाहावं तेव्हा कुठे पुसटशी झाक दिसत होती. बाकी नुसता तपकिरी डाग.

साहेबांनीही डोळा लावला. "पाण्यात ते उतरतच नाही धड," ते म्हणाले. "आणि उतरलं असतं तर आणखी वाईट. मूळ रसायन चांगल्या पेशींनाही सोडत नाही. पूर्वी रोग्यांना देऊन पाहिलं तर फार त्रास व्हायला लागला म्हणून ते थांबवावं लागलं. आता त्यात फेरफार करून औषध करतायत, ते वेगळं. तुझ्या माणसाला म्हणावं, परळला जा. आणि रजा हवी असेल तर अर्ज न करता जा, मी बघतो."

रविवारी मी ठरवून गेलो. आत्याने कोलंबीचं कालवण केलं होतं. मी जेवलो. मी तिच्या मशीनबद्दल विचारलं, मामांच्या पाळीबद्दल विचारलं, गल्लीतल्या गटाराच्या कामाबद्दल विचारलं. तिने माझ्या लग्नाबद्दल विचारलं, सोनिवलीच्या विहिरीबद्दल विचारलं. मला जो शब्द बोलायचा होता तो आमच्याकडे भाचा आत्यासमोर उच्चारत नाही. 'छाती' म्हणावं तर तेही तोंडातून निघेना. डॉक्टर झालो असतो तर कदाचित जमलं असतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत झालंय. तिने माझ्याकडे एकदाही सरळ पाहिलं नाही. मामा मध्ये बसून पेपर वाचत होते आणि पान उलटत नव्हते.

निघताना ती म्हणाली, "आज काय बोललास नाय जास्त."

"तू तरी कुठे बोललीस?"

"मना काय बोलायचं असतं?" ती म्हणाली आणि आत गेली.

परतताना मला वाटलं, तोंडाने जमत नाही ते हाताने जमेल. बेलवलीहून उल्हासनगरला पत्र टाकायचं, हे ऐकून कोणीही हसलं असतं. लोकलने तासाभरात माणूस दारात पोचेल एवढं अंतर. पण पत्र वाचताना समोर कोणी नसतं, आणि लिहिताना तर नसतंच. आत्या चौथी शिकलेली, मोठं अक्षर सावकाश वाचायची. मी आधी साध्या कागदावर कच्चं लिहिलं, मग पोस्टाच्या निळ्या आंतरदेशीय पत्रावर मोठ्या अक्षरात उतरवलं. जागा पुरेना म्हणून दोन पत्रं वापरावी लागली, एकावर 'पहिलं' आणि दुसऱ्यावर 'दुसरं' लिहून. पोस्टमनने दुसरं एक दिवस आधी दिलं, असं पुढे कळलं. तिने पहिलं येईपर्यंत ते उघडलं नाही.

शुक्रवारी मी गेलो तेव्हा ती तयार होती. जांभळी साडी, हातात पिशवी, पिशवीत रव्याच्या डब्याखालची चिठ्ठी. ताई आली होती. मामांनी पाळी बदलून घेतली होती. आत्या मला एवढंच म्हणाली, "अक्षर सुधारलं तुझं."

पुढचं सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. ऑपरेशन झालं. मग सलाईनं झाली, ज्यांना सगळे रोगी केमो म्हणतात, आणि शेवटी 'लाईट', म्हणजे किरणांचा शेक. केस गेले तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधला आणि त्या रुमालाला मशीनवर बारीक झालर लावली. परळच्या बाकांवरच्या बायकांनी तो रुमाल पाहून तिच्याकडून तसेच शिवून घेतले. सिंधी दुकानदार भेटायला आला, उरलेल्या मऊ कापडाचा गठ्ठा ठेवून म्हणाला, "अदी, इसमें भी धंदा है." ती खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

एका सलाईनचं औषध लाल रंगाचं होतं. ती माझ्याकडे चौकशी करू लागली.

"हे तुझ्या झाडाचं काय?"

"नाही, आत्ये."

"मग कोनाचं झाड?"

मी साहेबांना विचारून दुसऱ्या खेपेला तिला सांगितलं, की हे कुठल्याच झाडाचं नाही, मातीतल्या एका जंतूपासून ते पहिल्यांदा काढलं. ती शेतकऱ्याची मुलगी. तिने बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मातीतलं हाय ना? मग चालंल."

आत्या बरी झाली. दरवर्षी तपासणीला जायची, दरवर्षी येताना माझ्यासाठी परळहून काहीतरी खायला आणायची, जणू तीच मला डॉक्टरकडे नेऊन आली होती. नंतर ती आणि मामा सोनिवलीला राहायला आली. आमच्या जमिनीशेजारी त्यांचं छोटं घर आहे. आता ती फार म्हातारी आहे, कमी ऐकते, आणि आमच्या गावात उभ्या राहणाऱ्या इमारतींवर तिचा जो राग आहे तो ऐकण्यासारखा असतो.

नरक्याच्या रसायनापासून औषधं झाली. परदेशात आधी, मग इकडेही. दुसऱ्या जातीच्या कॅन्सरना ती देतात. ज्या दिवशी हे आम्हाला कंपनीत कळलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसाठी सामोसे मागवले. मला आनंद झाला, पण थोडी काळजीही वाटली. आमच्याकडे येणाऱ्या पोत्यांमधल्या चिपा बारीक बारीक होत चालल्या होत्या, म्हणजे मोठी झाडं संपत आली होती. पुढे कंपनीने ते काम सोडलं. माझ्या परसात मी नरक्याचं एक रोप लावलं आहे. फुलं आली की घरातले नाक मुरडतात.

आत्याने ते पत्र कधी काढून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. माझ्याजवळ कच्चा कागद राहिला. त्यावरून ते इथे उतरवतो.

"आत्ये,

पत्र बघून घाबरू नको. कोणाला काही झालेलं नाही. सगळे ठीक आहेत. समोर बोलता येत नाही म्हणून लिहितोय.

ताईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नको.

तुला झाडाची साल हवी होती ती मी आणणार नाही. साहेबांची परवानगी नाही म्हणून नव्हे. साहेब चांगले आहेत. मी सांगितलं होतं त्या झाडात गुण आहे, ते खरं आहे. पण लोंबीत तांदूळ असतो म्हणून आपण लोंबी चावून जेवत नाही. आधी झोडणी, मग वारवणी, मग कांडणं, मग चुलीवर चढवणं. या झाडाची अजून झोडणी चालू आहे. कांडायला कित्येक वर्षं लागतील. आम्ही खळ्यावरची माणसं आहोत, आमच्याकडे ताट मागू नको.

तू काढा करून प्यायचं मनात आणलं असशील म्हणून मी स्वतः कंपनीत काढा करून बघितला. त्यात काही उतरत नाही. परकराला मशीनचं तेल लागलं तर ते पाण्याने जात नाही, तू रॉकेल लावतेस. ही गोष्ट तशीच आहे. पाणी कितीही उकळलंस तरी गुण लाकडातच राहतो. आणि जे थोडं निघेल ते चांगल्या अंगालाही खातं. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे, पुस्तकातलं सांगत नाही.

कापलं की पसरतं असं तू ऐकलंयस. पसरतं ते कापल्यामुळे नाही, उशीर केल्यामुळे. ती बाई डॉक्टरकडे फार उशिरा गेली होती, ताईने त्यांच्या घरी जाऊन विचारलं. तुझी गाठ अजून लहान आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. म्हणूनच त्या घाई करतात.

मला तू शिकवलंस. बाबांनी विचारलं होतं शिकून काय करील, तेव्हा तू म्हणालीस तोच सांगेल. मी अजून काही सांगितलं नव्हतं. आता सांगतो. मी शिकून एवढं समजलो की झाड कुठे थांबतं आणि डॉक्टर कुठून सुरू होतात. ते तुला सांगता आलं नाही तर माझ्या बीएस्सीचा काही उपयोग नाही.

माझ्यावर विश्वास ठेवून तू झाडाची वाट बघितलीस. तोच विश्वास ठेवून परळला चल.

शुक्रवारी मी रजा घेतली आहे. सकाळी सातपर्यंत येतो. ताई तुझ्याबरोबर आत येईल, सगळं तिच्याशी बोल. मामांना मी सांगितलेलं नाही, पण मला वाटतं त्यांना माहीत आहे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तेवढी घे. जेवणाचा डबा मी बघतो, तू पहाटे उठून काही करत बसू नको.

मी आत येणार नाही. बाहेर बाकावर बसेन. तुला माझ्याशी काही बोलावं लागणार नाही, मलाही तुझ्याशी बोलावं लागणार नाही. बाहेर आलीस की चहा घेऊ.

तुझा भाचा"